इलेक्ट्रिक पिकअपने चोर्लामार्गे म्हापसा : परतीच्या चढाचा हिशेब आधी करा

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी पोहोचवण्यासाठी नवी इलेक्ट्रिक पिकअप घेण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या मार्गावर जाताना भरलेली गाडी त्रास देत नाही. येताना रिकामी गाडी देते. विक्रेत्याने आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते की एका चार्जला दीडशे किलोमीटर मिळतात, म्हापशात तासभर चार्जिंग लावायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. प्रत्यक्षात त्या रात्री आम्ही जांबोटीत १५ अँपियरचा चालू सॉकेट शोधत दारोदार फिरत होतो, आणि हा सल्ला देणाऱ्याने घाट कधी पाहिला तरी होता का, असा प्रश्न मला आजही पडतो.

पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी आणि म्हापसा हा मार्ग शंभर किलोमीटरहून थोडा अधिक आहे. जांबोटीपर्यंतच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. खरा छळ जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यात होतो. कणकुंबीचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. त्याने रस्त्याची जी चाळण होते तिच्यात डिझेलची गाडी फक्त आदळते, पण इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली तिचा सर्वांत महाग भाग असतो. परत आल्यावर गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा बॅटरीच्या खालच्या संरक्षक पत्र्यावर वीतभर लांबीचा ताजा ओरखडा होता, पत्रा एका कोपऱ्यात आत दबला होता आणि तिथला एक बोल्ट गायब होता. बॅटरीला धक्का लागला नव्हता, हे नशीब. या पट्ट्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी घालू नका, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. आणि प्रत्येक फेरीनंतर वाकून तो पत्रा पाहा, कारण खालून मार लागल्याची खूण सापडली की वॉरंटीचे बोलणे अवघड होते.

आता मुख्य मुद्दा. कागदावरची रेंज प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून, ठरावीक वेगाच्या चक्रात मोजलेली असते आणि त्या चक्रात घाट नसतो. साधारण २१ युनिटांची बॅटरी आणि दीडशे किलोमीटरची रेंज धरली तर सपाटीवर किलोमीटरला सुमारे ०.१४ युनिट खर्च होतो. चोर्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे आणि केरी अगदी पायथ्याला आहे. रिकामी गाडी, चालक, सोबती आणि क्रेट मिळून १,३०० किलो वजन धरले, तर ते ८०० मीटर वर उचलायलाच २.८ युनिट लागतात. मोटरमधील व इतर घट धरून हा आकडा सव्वातीनवर जातो, आणि त्या १८-२० किलोमीटरच्या नेहमीच्या चालीचा खर्च वेगळा. म्हणजे केरी ते चोर्ला या चढाला बॅटरीतील सहा युनिट, किंवा सपाटीवरचे चाळीसहून अधिक किलोमीटर द्यावे लागतात. परतताना नारळ किंवा अन्य माल भरून एकूण वजन दोन टनांवर गेले, तर केवळ उंचीचा खर्च ४.४ युनिट होतो. माथ्यावर पोहोचल्यानंतर बेळगाव अजून पन्नासहून अधिक किलोमीटर राहिलेले असते, हेही विसरू नका.

फसवणूक उतरताना सुरू होते. भरलेली गाडी घाट उतरू लागली की मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. आमच्या गाडीची बॅटरी केरीपर्यंत सहा-सात टक्क्यांनी वाढली, ते योग्यच होते. परंतु पडद्यावरील "उरलेले किलोमीटर" हा आकडा नुकत्याच झालेल्या खर्चावरून काढला जातो, आणि उताराचा खर्च जवळजवळ शून्य असल्याने तो आकडा एवढा फुगला की चुलतभाऊ म्हणाला, "दादा, आज चार्जिंगच नको." घाटाच्या पायथ्याशी या आकड्याकडे पाहूच नका, फक्त टक्केवारी पाहा.

म्हापशात चार्जर मिळाला, पण तो मोटारींसाठी मांडलेला होता. आमच्या पोर्टपर्यंत केबल हातभर अपुरी पडली, म्हणून गाडी आडवी लावावी लागली आणि तिचे तोंड पंपावर येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत आले. पैसे अ‍ॅपमधूनच घेतात आणि त्यासाठी आधी वॉलेटमध्ये किमान ५०० रुपये भरावे लागतात. पाटीवर युनिटला १९ रुपये लिहिले होते; बिलात १८ टक्के जीएसटी चढून ते २२ रुपये ४२ पैसे झाले, आणि मध्येच तुटलेल्या सत्रासाठी कापलेली रक्कम आठवडाभर अडकून पडली. दर करासहित लिहायला यांचे हात कोणी धरले आहेत? ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग पडतो, म्हणून विक्रेत्याच्या सांगण्यानुसार आम्ही ८० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवून निघालो. केरीला येईपर्यंत ६० टक्के उरले, माथ्यावर तीसच्या आसपास, आणि जांबोटीत १२.

तिथे एका खानावळीच्या सॉकेटला चार्जर लावला तर लाल दिवा लागला, कारण त्या जोडणीला अर्थिंग नव्हते. शेवटी एका गिरणीच्या मालकाने दोन तास वीज दिली आणि सहा युनिटांचे ५०० रुपये घेतले. कोणत्याही दराने हा हिशेब बसत नाही, पण रात्री नऊ वाजता तिथे भाव करण्याची सोय नसते. सॉकेटचे अर्थिंग तपासणारा छोटा टेस्टर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. तो गाडीत ठेवा. आणि वीज संपून गाडी थांबलीच तर मोटरने फिरणारी चाके जमिनीवर ठेवून दोराने ओढू देऊ नका. ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते, आणि घाटात तसा ट्रक येईपर्यंत रात्र सरते.

म्हणून माझे मत असे : म्हापशाहून निघताना ९५ टक्के करा, अथवा साखळीच्या आसपास दुसऱ्यांदा चार्ज करा, आणि केरीत ७५ टक्क्यांपेक्षा कमी असताना घाट चढू नका. परतीचा भरलेला माल या बॅटरीवर चोर्ल्याने आणणे मला मान्य नाही. संकेश्वर, निपाणी, चिकोडी या बाजूला मात्र गाडी चोख चालते. हत्तरगी आणि कोगनोळीचा टोल इलेक्ट्रिक मालगाडीलाही भरावा लागतो, एवढेच ध्यानात ठेवा.

एका नाक्यावर आम्हाला परमिट विचारून अडवले. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या बॅटरीवरील मालवाहू गाडीला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार परमिटची सक्ती नाही. तिची छापील प्रत गाडीत ठेवा, शांतपणे दाखवा आणि एक रुपयाही देऊ नका.

गाडी घरी नेण्याआधी मीटरचा विचार करा. रोज १५ युनिट घरच्या मीटरवर घेतले, तर कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेची २०० युनिटांची मर्यादा दोन आठवड्यांतच ओलांडली जाते आणि त्या महिन्याचे पूर्ण बिल पदरात पडते. वीज कंपनी हेस्कॉमकडून ई-वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घ्या आणि अर्थिंग नव्याने करून घ्या.

शेवटची अडचण सर्वांत छोटी, पण तीच अधिक वेळा येते. गणपतीत गाडी काही दिवस उभी होती. मुख्य बॅटरी ७० टक्के भरलेली असूनही ती जागची हलेना, कारण मुख्य बॅटरीची जोडणी चालू करणारी १२ व्होल्टची साधी बॅटरी उतरली होती. बेळगावच्या ऑटोनगरमधला कोणताही मेकॅनिक दुसरी बॅटरी लावून ती उठवू शकतो, पण नारिंगी केबलला त्याला हात लावू देऊ नका. त्यात माणूस मारण्याइतका विजेचा दाब असतो. सण-लग्नाला गाडी उभी करायची असेल तर त्या १२ व्होल्टच्या बॅटरीची एक तार काढायची का, हे डिलिव्हरीच्या दिवशीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.