बंद घरात पिसवा कुठून आल्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेकांचा सारखाच असतो: महिनाभर घराला कुलूप होतं, मांजरही घरात नव्हती, मग दार उघडताच पायांवर पिसवा कशा चढल्या? इतके दिवस त्या जगल्या कशावर?

त्या कोशातून बाहेरच आल्या नव्हत्या. मांजरीच्या अंगावरची पिसवेची मादी रक्त पिते आणि दिवसाला 40-50 अंडी घालू शकते. ही अंडी केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथे झोपते, अंग झटकते, तिथे ती मिठाच्या कणांसारखी घरंगळतात. अळ्यांना उजेड सोसत नाही. गालिच्याच्या तळाशी, गादीच्या शिवणीत, फटीत शिरून त्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त, खातात आणि मग कोश विणतात. कोश चिकट असतो, त्यावर धूळ बसते, तो कचऱ्यातून वेगळा ओळखूच येत नाही. आत तयार झालेली पिसू कित्येक आठवडे, कधी काही महिनेही थांबते. पावलांचा दाब, अंगाची ऊब, आपला उच्छ्वास जाणवला की ती बाहेर येते.

मी एकदा अशाच बंद खोलीत पांढरे मोजे घालून उभी राहिले. बघता बघता घोट्यापाशी काळे ठिपके उड्या मारू लागले. तुम्हाला मांजरीवर शंका असेल तर शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवा. काळी पूड निघाली तर ओल्या कापसावर ठेवा. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर पिसवा आहेतच.

फवारणी या कोशांपर्यंत फारशी पोचत नाही, त्यामुळे नंतरही दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसतात. इथेच माणसं घाबरून औषध दुप्पट करतात, किंवा कुत्र्याचं औषध मांजरीला लावतात. हे कृपा करून करू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजर दगावू शकते. औषध पशुवैद्यांनाच विचारा, आणि घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी द्या.

फवारा वाळला की घर पुन्हा बंद ठेवू नका. नेहमीसारखं वावरा, रोज व्हॅक्यूम फिरवा, त्यातला कचरा लगेच बाहेर टाका. त्या थरथरीने कोशातल्या पिसवा बाहेर येतील. येऊ द्या. औषध आता बाहेर आलेल्यांनाच गाठणार आहे.