गवतातल्या किड्यासाठी शंभर दिवस

उत्तर जपानमधल्या यामागाता प्रांतातला हागुरो हा डोंगर अवघा 414 मीटर उंच आहे. सह्याद्रीत त्याला कोणी टेकडीच म्हटले असते. त्याच्या शेजारचे गास्सान आणि युदोनो हे दोन पवित्र डोंगर हिवाळ्यात बर्फामुळे वाटसरूंना बंद होतात आणि मग तिन्ही डोंगरांच्या देवांची पूजा हागुरोच्या माथ्यावरच्या एकाच देवळात चालते. सध्याचे देऊळ 1818 सालचे आहे, आणि गवताने शाकारलेले त्याचे छप्पर दोन मीटरांहून अधिक जाड आहे.

वर जायला मोटारीचा रस्ता आहे, पण सुगी या जपानी देवदारांच्या राईतून चढणाऱ्या 2446 दगडी पायऱ्या टाळून या डोंगरावर येण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. वर्षअखेरीस त्यांतल्या पुष्कळशा बर्फाखाली गडप होतात, पायऱ्यांची घसरगुंडी होते आणि प्रत्येक पाऊल तपासून टाकावे लागते. चढणीच्या सुरुवातीलाच, रंगाचा हातही न लावलेला पाच मजली लाकडी पॅगोडा झाडांमधून अचानक समोर येतो. 1868 नंतर सरकारने बुद्ध आणि शिंतो देव यांची सक्तीने फारकत केली, तेव्हा इथल्या बऱ्याच बौद्ध इमारती गेल्या. हा मात्र वाचला. सुमारे 29 मीटर उंचीची ही वास्तू झाडांच्या गर्दीत इतकी मुरली आहे की ती बांधलेली नसून उगवलेली असावी, असा भास होतो.

मी गेलो होतो तो 31 डिसेंबरच्या शोरेइसाइ या उत्सवासाठी. त्याची तयारी 24 सप्टेंबरला सुरू होते. पायथ्याच्या तोगे या वस्तीतले दोन ज्येष्ठ यामाबुशी, म्हणजे डोंगरात तपश्चर्या करणारे साधक, त्या दिवसापासून शंभर दिवसांचे व्रत धरतात आणि पाच धान्यांसमोर बसून पुढच्या पिकासाठी प्रार्थना करतात. एवढे कडक व्रत कशासाठी, तर एका किड्याच्या बंदोबस्तासाठी! गवतात राहणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा त्सुत्सुगामुशी हा किडा चावला की माणूस तापाने फणफणतो. मोगामी नदीच्या काठच्या शेतकऱ्यांनी या तापाची दहशत पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. आपल्यालाही हा ताप परका नाही. 2018 साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले होते, तो हाच. आख्यायिकेत या किड्याचा राक्षस झाला आणि उत्सवात त्या राक्षसाची गवताची भलीमोठी मशाल झाली. बारीकशा जिवाला एवढा मान देणारे भय मला फार प्रामाणिक वाटते.

दोन साधकांच्या दोन बाजू आणि प्रत्येक बाजूची एक मशाल. दुपारी मशालींचे दोर तोडून गर्दीत भिरकावले जातात आणि एरवी रांग न मोडणारी माणसे त्यांच्यासाठी अक्षरशः हातघाईवर येतात, कारण हा तुकडा दारावर टांगला की घराचे रक्षण होते अशी श्रद्धा आहे. माझ्या शेजारच्या आजींनी हाती लागलेला तुकडा भराभर गुंडाळून पिशवीच्या तळाशी दडवला आणि वर मफलर दाबून बसवला.

रात्री देवळात साधकांची चढाओढ रंगते. ते कावळ्यासारख्या उड्या मारतात आणि पांढऱ्या सशाचे सोंग घेतलेला एक जण या गंभीर मंडळींत निर्विकारपणे बसलेला असतो. हसावे की हात जोडावे हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. मध्यरात्रीच्या सुमारास तरुण पोरे आरडाओरडा करीत त्या मशाली बर्फातून ओढत नेतात आणि पेटवतात. ओलसर गवताचा धूर आधी जमिनीलगत पसरतो, डोळे चुरचुरतात, मग एकदम भडका उडतो आणि समोरची रांग दोन पावले मागे सरते.

कोणती बाजू सरस ठरली, यावरून वर्षाचे भाकीत होते. इजो ही बाजू जिंकली तर भाताचे पीक उत्तम आणि सेन्दो जिंकली तर समुद्रात मासळी भरपूर. पायथ्याशी शोनाइचे भाताचे सपाट रान आणि त्यापलीकडे जपानचा समुद्र असल्यामुळे निकाल कसाही लागला तरी कोणाचे ना कोणाचे फावतेच. आजींना मी निकालाबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमचे घर भाताचे, पण सून कोळ्यांची आहे,” आणि मफलर सावरून उतरणीकडे वळल्या.