मोजे दिसतात ते बूट काढल्यावर

मागच्या डिसेंबरात चुलत बहिणीच्या साखरपुड्याला गेलो होतो, गुहागरच्या थोडं अलीकडे. घरापुढचं खळं नुकतंच शेणाने सारवलेलं. बाकीचे सगळे चपला काढून मोकळे झाले, फॉर्मल बूट घालून आलेला शहाणा मी एकटाच. पायरीवर बसून नाड्या सोडल्या आणि उन्हात बघतो तर एक मोजा नेव्ही ब्लू, दुसरा काळा. पहाटे साडेपाचला बेडरूमच्या पिवळ्या लाइटमध्ये दोन्ही सारखेच दिसले होते हो! त्यात काळ्याला अंगठ्यापाशी भोक. आत्याने पाणी देता देता बघितलं, "अरे, हा एक कोणाचा घालून आलास?" एवढंच म्हणाली, पण अख्ख्या ओट्याने ऐकलं. वर सारवण अजून ओलसर, दोन पावलं टाकली तर तळव्याला हिरवट ठसा. शेवटी मोजे काढून खिशात कोंबले आणि अनवाणीच पंगतीला बसलो.

तेव्हापासून मी मोज्यांचा विचार करायला लागलोय. हसा खुशाल. कसंय, कपड्यांवर मोजे कुठले घालायचे याचे जे सल्ले सगळीकडे फिरत असतात ते दिवसभर बूट न काढणाऱ्या लोकांसाठी असतात, आपल्याकडे देऊळ, ओटा, डॉक्टरचा दवाखाना, कुठे जा, पायातलं बाहेर. म्हणजे इकडे मोजा पॅंटखाली दोन इंच दिसत नाही, तर टाचेपासून अंगठ्यापर्यंत पूर्ण दिसतो, आणि तोही समोरचा माणूस चहा घेऊन येतो तेव्हा!

तरी एक नियम मला पटलाय. फॉर्मलवर मोजा पॅंटच्या रंगाचा घ्यायचा, बुटाच्या रंगाचा नाही. नेव्ही पॅंट आणि ब्राउन बूट असेल तर मोजे नेव्हीच, मग पाय मध्येच तुटल्यासारखा दिसत नाही. आणि लांबी पोटरीच्या अर्ध्यापर्यंत तरी हवी, नाहीतर खुर्चीत बसलं की पॅंट वर सरकते आणि मधे नडगीचे केस.

स्नीकर्स, लोफरवर ते न दिसणारे छोटे मोजे. घेताना आत टाचेला सिलिकॉनची पट्टी आहे का ते बोट घालून बघा, नसेल तर शंभर पावलांत मोजा बुटात गोळा होऊन तळव्याखाली जातो, आणि भर बाजारात एका पायावर उभं राहून तो वर ओढणारा माणूस मी रोज बघतो (कधी कधी तो मीच असतो). कुर्ता-पायजम्यावर कोल्हापुरी किंवा मोजडी, मोजे नकोतच, विषय संपला.

पांढरे मोजे मात्र कोकणात घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेत पांढरे कॅनव्हास आणि पांढरे मोजे घालून जांभ्याच्या तांबड्या मैदानावर पीटी व्हायची, आई दर शनिवारी कपाळाला हात लावायची. त्या मातीचा तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचाच, म्हणून डाग ब्लीचने जात नाही, उलट पक्का बसतो. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवलं तर जरा फिका पडतो, तेवढंच समाधान.

आणि पावसाळा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या रत्नागिरीत प्युअर कॉटनचे मोजे घेणं म्हणजे स्पंज घेणं, पाणी पितात आणि धरून बसतात, तीन दिवस दोरीवर ठेवले तरी कुबट वास. मी फ्रिजच्या मागे वाळवून बघितले, वाळले, पण बायकोने घरात घेतलं नाही. आता जून ते सप्टेंबर नायलॉन-पॉलिएस्टर मिक्सवाले पातळ मोजे, एक जोडी पायात आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत बॅगेत. सगळ्यात हुशार म्हणजे आमच्या इकडच्या स्कूटीवाल्या बायका. अंगठा वेगळा असलेले ते स्किन कलरचे मोजे, साडी असो नाहीतर ड्रेस, खाली साधी चप्पल, ऊन नाही लागत, टॅन नाही होत, पोचल्यावर काढून डिकीत टाकले की झालं. यावर मॅचिंगची चर्चा कोणी करत नाही, गरजही नाही.

भोकाचं म्हणाल तर आजी नारळाची करवंटी मोज्यात घालून त्यावर कापड ताणून रफू करायची. मी अंगठ्याची नखं वेळेवर कापतो, बरीच भोकं तिथेच वाचतात. आणि नेव्ही-काळ्याच्या घोळावर बायकोने इलाज केलाय, नेव्हीच्या प्रत्येक मोज्यात आतून, वरच्या इलॅस्टिकपाशी, पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका. पहाटे लाइट न लावता बोटाला लागतो.