‘ग्वाल्हेर एका दिवसात होतं ना?’

होतं. एका दिवसात ग्वाल्हेर होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका. सकाळी किल्ला, दुपारी जयविलास महाल, तिथून जवळच फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी, उन्हं कलली की हजिऱ्याला तानसेनाची कबर आणि परतताना बाड्यावर, म्हणजे मुख्य चौकात, खाणंपिणं. हा तक्ता माझाच आहे. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या कितीतरी लोकांच्या फोनमध्ये तो फिरतोय. एकदा तर एका अनोळखी बाईंनी तो मलाच पाठवला, ‘ग्वाल्हेरला जाणार असाल तर उपयोगी पडेल’ म्हणून, खाली दुसऱ्याच कुणाचं नाव.

दिवाळी उरकली की विचारणा सुरू होते. चुलत सासऱ्यांचे शेजारी, मैत्रिणीची नणंद, पुण्यातल्या कुठल्याशा सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक. सगळे आग्र्याला निघालेले असतात आणि ग्वाल्हेर वाटेत असतं. नकाशाच तसा आहे, त्यांना काय बोलणार? इकडे आग्रा सव्वाशे किलोमीटरच्या आत, तिकडे झाशी शंभरच्या आसपास, तिच्यापुढे ओरछा. आम्ही मधोमध. आमच्या शहराला लोक दोन मुक्कामांमधला चहा समजतात. मी मात्र हल्ली ‘दोन रात्री राहा’ म्हणते, आणि पलीकडे शांतता पसरते. मग हळूच, ‘पण तुम्हीच तर तो एका दिवसाचा प्लॅन दिला होतात ना?’

दिला होता. आणि तो वाईट नव्हता. तो करणारी मी तेव्हा चाळिशीतही नव्हते. आलेल्या माणसाचा वेळ वाया जाऊ द्यायचा नाही, अशी माझी जिद्द होती. गाडी उरवाई दरवाज्याने थेट वर जाते, म्हणून उरवाईने चढायचं. वाटेत कातळात कोरलेल्या जैन मूर्ती गाडीतूनच दिसतात. वर मान मंदिर महाल, सास-बहूची देवळं, तेली का मंदिर, झालंच तर दाता बंदी छोड गुरुद्वारा. अडीच तासांत खाली.

आता मला त्या बाईशी भांडावंसं वाटतं. अगं, पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्याने पायी चढवलं असतंस तर निदान चतुर्भुजाचं देऊळ तरी लागलं असतं. एकाच खडकात कोरलेलं, एवढंसं. आतल्या शिलालेखावर इसवी सन ८७६चा काळ आहे आणि बागेसाठी दिलेल्या जमिनीच्या मापात २७० हा आकडा आहे. त्यातलं शून्य वाटोळं, आपण आजही काढतो तसं. देवाला रोज पन्नास माळा द्यायच्या, त्यातही शून्य. जगभरचे गणितवाले ते बघायला येतात आणि आपले लोक उरवाईने वर जाऊन उरवाईनेच खाली उतरतात. पायथ्याला गुजरी महाल आहे, त्यातल्या संग्रहालयात ग्यारसपूरची शालभंजिकेची मूर्ती आहे. सोमवारी बंद असतं, तेवढं मात्र मी तक्त्यात न विसरता लिहिलं होतं.

त्यावर ती म्हणेल, सत्तरीतल्या माणसांना तो चढ तू चढवणार का? ते दगड गुळगुळीत झालेत, बघितलेस का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मधल्यामध्ये एक दुसरा प्रश्नही उरकून घेते, कारण तो समाधीपाशी हमखास येतो, तोही आवाज चढवून. ‘तुमच्या शिंद्यांनी राणीला साथ दिली नाही ना?’ नाही दिली. जून १८५८मध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी इथे आले, फौज त्यांना जाऊन मिळाली, जयाजीराव शिंदे आग्र्याला गेले. आणि नंतर ज्या किल्ल्यावर तुम्ही सेल्फी काढता तो इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवला, तो १८८६मध्ये झाशीच्या बदल्यात परत दिला. हे सगळं मला ठाऊक आहे, शाळेपासून ठाऊक आहे. पण मी शिंद्यांची कोणी नाही हो. आमच्या पणजोबांनी दरबारच्या कचेरीत कारकुनी केली, बस. त्यांचा जाब माझ्याकडे कशाला मागता? आणि तो मागून झाल्यावर त्याच जयाजीरावांच्या १८७४च्या महालात जाऊन साडेतीन-साडेतीन टनांच्या झुंबरांखाली माना वर करून उभे राहता. राहा, झुंबरं आहेतच तशी. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडीही बघा. फक्त मला छेडू नका.

आता जे सांगायचंय ते. हे आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, कारण फोनवर सांगण्यासारखं नाही.

माझी आत्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, जन्मली. तिथल्या चिटणीस की गोठ या मोहल्ल्यात आमचा वाडा होता. लग्न होऊन ती पुण्याला गेली, आधी सणावारी यायची, मग सासूचं आजारपण, मग स्वतःचे गुडघे. वाडा नव्वदीच्या दशकात विकला गेला. नाना, म्हणजे माझे वडील, तिथून जवळच एका फ्लॅटमध्ये राहायला लागले. भावाबहिणीची गाठ कित्येक वर्षांत नव्हती. काही वर्षांपूर्वी एका जानेवारीत आतेभावाने ठरवलं, आईला ग्वाल्हेर दाखवायचं. बायको, मुलं, मेहुणे मिळून टेम्पो ट्रॅव्हलर भरेल एवढी माणसं.

मी स्टेशनवर घ्यायला गेले. उजाडता यायची गाडी धुक्यामुळे अकरा वाजून गेल्यावर आली. वार गुरुवार. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो आणि शनिवारी त्यांची दिल्लीहून परतीची तिकिटं. म्हणजे ताज बघायचा तर त्याच दिवशी, सूर्यास्ताच्या आधी. जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमाराला जातो, आग्र्याचा रस्ता तीन तासांचा धरायचा. हिशेब तिथेच प्लॅटफॉर्मवर झाला. ग्वाल्हेरच्या वाट्याला दोन तासही धड उरत नव्हते.

आतेभावाने खिशातून घडी केलेला कागद काढला. माझाच तक्ता, छापून आणलेला. त्यात एक ते तीनच्या मधे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मामा, जेवण, आईचा वाडा’. हे सांगणं भाग आहे, कारण मी दिलेल्या कागदात ते नव्हतं. त्यानेच घातलं होतं. आणि मग त्यानेच पेन काढून त्यावर रेघ मारली. समाधीवर मारली, महालावर मारली, तानसेनावर मारली. किल्ला ठेवला. ‘मुलांना निदान किल्ला तरी दिसू दे,’ म्हणाला. ‘आणि गोठमध्ये ही गाडी शिरेल का?’ शिरत नाही. मेन रोडवर उभी करून चालत जावं लागतं, आणि आत्या चालू शकत नव्हती. व्हीलचेअरचा विचार कुणी केला नव्हता. मीसुद्धा.

नानांना फोन केला. पुरण सकाळीच वाटून झालं होतं. नाना कोट घालून बसले होते, हे त्यांच्या आवाजावरून मला कळलं. कोट घातला की ते थोडं खाकरून बोलायचे. सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, ‘बरं. मग मीच येतो. कुठे?’

वर मान मंदिरापाशी बाकीचे आत पळाले. मी आत्याजवळ गाडीत थांबले. मग तिला धरून कठड्यापर्यंत नेलं, तेवढी ती आली. मान मंदिराच्या अंगाला निळ्या टाइल्स आहेत, बदकांची रांग आहे, मानसिंह तोमराच्या काळापासूनची. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती खाली पसरलेल्या गावाकडे बघत होती. धुकं विरळ झालं होतं, एक मोठा घुमट दिसत होता. त्याच्याकडे बोट करून म्हणाली, ‘ती बघ गोरखी. तिच्या मागे आपली गोठ.’

तो घुमट सूफी संत महंमद गौसचा मकबरा. त्या बाजूला दिसतं ते जुनं ग्वाल्हेर. लष्कर दक्षिणेला, आणि गोरखी, म्हणजे शिंद्यांचा जुना वाडा, तिकडे, बाड्यावर. मी म्हटलं, ‘हो, आत्या.’

परतताना फुलबागेच्या चौराह्यावर नाना उभे होते. टेम्पोने, म्हणजे इथल्या शेअर रिक्षाने, आले होते. कोट, टोपी, हातात तीन पुडांचा डबा. ट्रॅव्हलर कडेला घेतली, तरी मागून हॉर्न सुरू झाले, शिपाई शिट्टी वाजवत आला. आत्या खिडकीशी. नानांनी खिडकीची कड धरली.

‘दादा, बारीक झालास.’

‘तू गोळी घेतेस ना बीपीची? सकाळची का रात्रीची?’

‘सकाळची. पाचची.’

‘माझीपण आता पाचचीच केलीय.’

बोलले ते एवढंच, माझ्यासमोर तरी. मग ती म्हणाली, ‘गोरखी बघितली रे मी. वरून.’ नानांनी माझ्याकडे पाहिलं. सबंध आयुष्य त्यांचं लष्करात गेलेलं, कुठून काय दिसतं हे त्यांना मी काय सांगणार? ‘छान झालं,’ म्हणाले. डबा खिडकीतून आत गेला, आतेभाऊ खाली उतरून पाया पडला, शिपायाने काठी आपटली. गाडी गेली.

टेम्पोत बसल्यावर मी बोलायला सुरुवात केली, बरंच काही बोलले. नाना मधेच म्हणाले, ‘अगं, ताज शुक्रवारी बंद असतो. तो तरी काय करणार?’

संध्याकाळी फोटो आला. ताजसमोर आत्या, शाल पांघरलेली, हसते आहे. सुंदर फोटो. आठवड्याने डबा कुरिअरने परत आला, धुऊन, वरच्या पुडात बाकरवडी. पुढच्या पावसाळ्यात नाना गेले.

आतेभावावर मी पुष्कळ दिवस डूख धरून होते. अजून आहे का? सांगता येत नाही. त्याची रजा मोजकी, मुलांनी ताज पाहिलेला नव्हता. शिवाय वाड्याच्या जागी आता काय आहे? खाली मोबाइलची दुकानं, वर शिकवणी. आत्याला तिथे नेऊन मी काय दाखवणार होते, जिन्याचं शटर? ती मात्र आजही पुण्यात सगळ्यांना सांगते, गोरखी पाहिली, गोठ पाहिली. तिची सहल छान झाली. मग रुखरुख कुणाची, तर माझी. आणि ती कागदाबद्दल आहे: किल्ला, महाल, समाधी, कबर. त्यात एकही जिवंत माणूस नव्हता, एकही घर नव्हतं, जिथे कुणी म्हणेल, बसा, पाणी घ्या.

जुनी मी लगेच फणकारते. पाहुण्यांना शहर दाखवायचं असतं, नातेवाइकांची घरं नाही. ज्यांचं इथे कुणी नाही त्यांनी लष्करात येऊन करायचं काय?

बरंच काही, असं माझं म्हणणं. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये इथे तळ टाकला, त्याची राजधानी झाली, आणि त्यांच्यामागून पुण्या-कोकणातली शेकडो घरं आली. छत्री बाजारात शिंद्यांच्या छत्र्या आहेत, तिथे सकाळी कुणी नसतं. बाड्यावर भर चौकात उभं राहिलं तर चारी बाजूंना चार तऱ्हेच्या इमारती. भातखंड्यांच्या मदतीने १९१८मध्ये उघडलेलं माधव संगीत विद्यालय. तुमच्या घरी शास्त्रीय गाण्याचा क्लास असेल तर त्याची पाळंमुळं बहुधा इथे निघतील, कारण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेर गायकी इथूनच महाराष्ट्रात घेऊन गेले. डिसेंबरात तानसेन समारोह सुरू होतो तो सनईने, ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तवनाने. तानसेनाच्या कबरीपाशी मराठी बुवांची हरिकथा आणि मिलाद, एकाच सकाळी! यासाठी दोन रात्री मागितल्या तर जास्त झालं का?

पण खरं सांगायचं तर ‘दोन रात्री’ म्हणायला लागल्यापासून निम्मे लोक ग्वाल्हेरच गाळतात. सरळ आग्रा गाठतात. त्यांच्या नातवंडांना शून्यही दिसलं नाही आणि झुंबरंही दिसली नाहीत. एका दिवसाच्या तक्त्याने निदान ती तरी दिसायची. हे गणित मला अजून सुटलेलं नाही, आणि कुणी सोडवून दाखवलं तर मला पटेलच असंही नाही.

गेल्या आठवड्यात आतेभावाचाच फोन आला. त्याच्या मित्राचं कुटुंब येतंय, एकच दिवस हाताशी आहे, तो जुना प्लॅन आहे का? मी पाठवला. दुपारी एक ते तीन मात्र कोरे ठेवले, समोर काहीच लिहिलं नाही. मित्राचा तासाभरात निरोप: फार छान, आभारी आहोत, पण त्या रिकाम्या दोन तासांत मितावली-पडावली आणि बटेश्वरची देवळं बसवता येतील का?

नाही बसत. मुरैना जिल्ह्यात आहेत ती. तसं कळवलंय.