शंभर पिसे आणि एक चित्रपट

'असॅसिन्स क्रीड' या व्हिडिओ गेम मालिकेवरचा चित्रपट डिसेंबर २०१६ मध्ये आला, तेव्हा मी तो पहिल्याच आठवड्यात पाहिला आणि खिन्न होऊन परतलो. अपेक्षा फार वाढवून ठेवल्या होत्या म्हणून असे झाले असावे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. अलीकडे तो पुन्हा पाहिला आणि दोष अपेक्षांचा नव्हता, याविषयी माझी खात्री पटली.

चित्रपटाने मूळ खेळाशी प्रतारणा केली, असे मी म्हणणार नाही. मनगटाशी दडवलेले पाते, पूर्वजाच्या स्मृती जगायला लावणारे अ‍ॅनिमस यंत्र, 'अ‍ॅपल ऑफ ईडन' या गूढ, प्राचीन वस्तूसाठी असॅसिन आणि टेम्पलर या दोन गुप्त संघटनांमध्ये शतकानुशतके चाललेला झगडा, हे सारे त्यात आहे. खुणा सगळ्या सांभाळलेल्या आहेत. ज्या सहवासामुळे त्या खुणा आपल्याला प्रिय होतात, तो सहवासच गाळलेला आहे.

सहवास म्हणजे काय, हे मालिकेतील २००९ च्या दुसऱ्या गेमने मला शिकवले. त्याचा नायक एझिओ औदितोरे आपल्याला भेटतो तो जन्मल्याच्या क्षणी, आणि त्या तान्ह्या बाळाचे हातपाय एकेक बटण दाबून आपणच हलवायचे असतात. पुढे तरुण एझिओ थोरला भाऊ फेदेरिको याच्याशी शर्यत लावून रात्री चर्चच्या छतावर चढतो आणि दोघे भाऊ खाली पसरलेले फ्लॉरेन्स पाहत राहतात. धाकट्या, आजारी पेत्रुच्चिओला हवी असलेली पिसे आपण कौलांवरून वेचून आणतो. त्यानंतर थोड्याच वेळात वडील आणि हे दोन्ही भाऊ भर चौकात फासावर जातात, आणि त्या आघाताने आईची वाचा जाते. तेव्हापासून शहराशहरांतील छपरांवर विखुरलेली शंभर पिसे शोधून आईसाठी साठवत राहायची. खेळाच्या भाषेत ही केवळ वस्तू गोळा करण्याची एक कामगिरी आहे, परंतु प्रत्येक पीस उचलताना पेत्रुच्चिओची आठवण होते. दुःखाला इतका अवधी देणारी रचना मला फार थोड्या ठिकाणी आढळली आहे.

चित्रपटाचा आजच्या काळातील नायक कॅलम लिंच ज्याच्या स्मृती जगतो, तो पूर्वज आग्विलार हा १४९२ च्या स्पेनमधला. मुस्लिम सत्तेचे अखेरचे राज्य असलेले ग्रॅनाडा त्याच वर्षाच्या आरंभी पडले, ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम त्याच वर्षी निघाला आणि कोलंबसाची गलबतेही त्याच वर्षी निघाली. कथेसाठी याहून समृद्ध काळ शोधून सापडणार नाही. असे असूनही चित्रपटाचा निम्म्याहून बराच अधिक भाग आजच्या काळातील एका करड्या, बंदिस्त प्रयोगशाळेत जातो आणि स्पेन वाट्याला येतो तो तुकड्यातुकड्यांनी. असॅसिनांच्या बंधुसंघात प्रवेश करताना आग्विलार बोट कापून देतो, एवढे आपण पाहतो. पण तो कशावर हसतो, कोणासाठी झुरतो, हे अखेरपर्यंत समजत नाही. त्यामुळे त्याची सोबतीण मारिया मरण पत्करते, तेव्हा प्रसंग गंभीर आहे एवढेच जाणवते. पडद्यावरच्या त्या दोघांचे संवाद स्पॅनिशमध्ये ठेवण्याचा निर्णय मला मनापासून आवडला होता, म्हणून तर ही उणीव अधिक बोचते.

गेममध्येही वर्तमानकाळ आहे, परंतु तो चौकटीपुरता असतो. तासन् तास भूतकाळात घालवल्यावर काही मिनिटे तिथे जायचे आणि परतायचे. दिग्दर्शक जस्टिन कर्झेल यांनी चौकटीलाच चित्राची जागा दिली. त्यातही मारामारी रंगात आली की कॅमेरा यंत्राच्या अजस्र बाहूला जखडलेल्या कॅलम लिंचकडे वळतो आणि तो हवेत हातवारे करताना दाखवतो. मायकेल फासबेंडर दोन्ही भूमिका जीव ओतून करतात. तरीही प्रत्येक वेळी, आपण पाहतो आहोत ती केवळ स्मृती आहे, याची आठवण करून दिली जाते आणि ग्रॅनाडाच्या गल्लीत पाय रोवू पाहणारे मन तिथून उपटले जाते.

सर्वांत जास्त लागले ते उंचावरून घेतलेल्या उडीचे. गेममध्ये आपण मनोरा स्वतः चढतो, खाचा शोधतो, कधी खाली पडून पुन्हा आरंभ करतो. माथ्यावर पोहोचलो की शहर आपल्याभोवती फिरते, नकाशाचा अंधारलेला भाग उजळतो, आणि मगच खालच्या गवताच्या गाडीत झेप घ्यायची. चित्रपटासाठी ही उडी डेमियन वॉल्टर्स या स्टंट कलाकाराने सुमारे १२५ फुटांवरून खरोखर घेतली होती, आणि त्या धाडसाविषयी मला नितांत आदर आहे. पडद्यावर मात्र आग्विलार पाठलाग चुकवत कड्यापर्यंत येतो, उडी घेतो, आणि कथा लगेच प्रयोगशाळेत परतते, जिथे कॅलम लुळा होऊन पडलेला असतो. खालचे शहर आपण नीट पाहिलेलेच नसते.