कारूतलं ‘प्लस-मायनस’

केपटाउनहून एन-१ महामार्ग धरला आणि हेक्स नदीच्या खोऱ्यातले द्राक्षमळे मागे पडले, की कारू सुरू होतो, दक्षिण आफ्रिकेतला अर्धवाळवंटी प्रदेश. खुरटी झुडपं, मेंढ्या, पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या आणि वर नुसतं आभाळ. लेंग्सबर्गला पेट्रोल भरून देणाऱ्या पोराला विचारलं, प्रिन्स अल्बर्ट गाव किती लांब? “प्लस-मायनस सव्वाशे.”

पुढे हा शब्द पाठच सोडेना. मटणाचं वजन प्लस-मायनस एक किलो, जेवण प्लस-मायनस सातला. आपण ‘अंदाजे’ किंवा ‘साधारण’ म्हणू, तिथे दक्षिण आफ्रिकेतला माणूस गणितातलं चिन्ह तोंडाने उच्चारतो. ही आफ्रिकान्सची देणगी. त्या भाषेत ‘प्लस-मीनस’ अगदी रोजच्या बोलण्यातला. तिथून तो इंग्रजीत आला आणि आता आफ्रिकान्स न येणारेही सर्रास वापरतात. जाहिरातीत आणि पाट्यांवर तर आकड्याआधी थेट ± छापतात.

मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. आकडा देतो आणि चुकायची मुभाही आधीच मागून घेतो. खरा फसवा आहे तो ‘जस्ट नाऊ’. तोही आफ्रिकान्सच्या ‘नेट-नाऊ’वरून आलेला, आणि त्याचा अर्थ ‘आत्ता’ सोडून काहीही. आपल्या ‘आलोच’चा सख्खा भाऊ!

प्रिन्स अल्बर्टला मात्र एका गोष्टीत प्लस-मायनस चालत नाही, ते म्हणजे पाटाचं पाणी. स्वार्टबर्ग डोंगरातून आलेलं पाणी रस्त्याकडेच्या उघड्या चारीतून गावभर खेळवलंय. त्याला म्हणतात लेईवॉटर. ज्या घराला हक्क आहे त्याची पाळी ठरलेली: वार, तास, मिनिटं. आमची यजमानीण बोलता बोलता घड्याळ बघून उठली, कुंपणाशी जाऊन लोखंडी फळी वर ओढली, आणि पाणी जर्दाळूच्या आळ्यांत शिरलं. चक्क दारं धरत होती बाई! पाळी संपली तशी फळी खाली. एरवी हिचा नाश्ता ‘आठ, प्लस-मायनस’.

गावामागेच स्वार्टबर्ग घाट. थॉमस बेन या अभियंत्याने कैद्यांच्या हातून बांधून घेतलेला, १८८८ मध्ये खुला झालेला. रस्ता अजून कच्चाच. चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती दरीच्या कडेला त्याला तोलून धरतात. काही वळणांवर गाडीच्या नाकापुढे रस्ताच दिसत नाही. माथा १५८३ मीटरवर, तिथे वारा दार उघडू देत नाही. “पलीकडे उतरायला प्लस-मायनस तास,” असं सांगितलं होतं. फोटो काढणारी मंडळी सोबत असतील तर दोन धरा. आणि पाऊस होऊन गेला असेल तर घाट चालू आहे का, हे गावात विचारूनच निघा. बंद असला तर मेयरिंग्सपोर्ट खिंडीचा वळसा पडतो. तो रस्ता डांबरी आहे, एकच नदी २५ वेळा ओलांडतो, आणि खरं सांगायचं तर तोही चुकवू नये असाच आहे.