ताई, ही मांडी घालून बसेल का हो?

गौरी आठवड्यावर आल्या की सांगलीत खणभागातल्या आमच्या घरी बायका पिशवीतून बाहुल्या घेऊन येतात. मी त्यांना नऊवारी शिवते. जात्यावरची, चुलीपुढची, ताक घुसळणारी असा देखावा मांडायचा असतो. प्रश्न दरवर्षी तोच, वर लिहिलाय तो.

त्याचं उत्तर सांगते. बहुतेक बाहुल्यांना मांडी जमत नाही. कारण मांडीचं खरं काम गुडघ्याचं नाही, खुब्याचं. स्वतः बसून बघा, आधी मांडी बाहेर वळते, मग गुडघा दुमडतो. 1959 ची पहिली बार्बी मान, खांदे आणि खुबे एवढ्याच ठिकाणी हलायची, गुडघा नव्हताच. 1965 मध्ये तिचे पाय वाकायला लागले. वरून मऊ व्हिनाइलची कातडी, आत खाचांचा सांगाडा. वाकवताना टक् टक् होतं ते त्या खाचांचं, आणि त्यांच्यामुळेच पाय सोडाल तिथे थांबतो. बाहेरून सांधा दिसत नाही. मला तर अजून हाच पाय सगळ्यांत देखणा वाटतो. पण तो काटकोनाच्या आसपास अडतो. एका बाईंच्या नातीच्या बाहुलीचा मी जोर लावून आणखी वाकवायला गेले. आत कट्ट झालं आणि पाय लोंबायला लागला. नवी बाहुली घेऊन द्यावी लागली, शिलाई गेली ती वेगळीच.

मांडी हवी तर 2015 मध्ये आलेली 'मेड टू मूव्ह'वाली बार्बी आणा. तिला 22 सांधे. खुब्याखाली मांडी स्वतःभोवती फिरते आणि गुडघ्याला दोन बिजागऱ्या. एकच असली की पोटरी मांडीला मागून अडते. मध्ये छोटा तुकडा घालून दोन केल्या की पाय पुरता दुमडतो. सांधे उघडे दिसतात खरे, पण नऊवारीत गुडघा बघतंय कोण? कोपरासाठी मी बाही लांब ठेवते, मनगटावर हिरवा चुडा चढवते. बोटं बाहीत अडकतात, म्हणून आधी पंजाला पातळ प्लास्टिक गुंडाळायचं. हे सांधे घर्षणावर थांबतात, झिजले की हात खाली पडतो. तिथे बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर सांधाच चिकटेल.

हरभट रोडवरची स्वस्तातली पोकळ बाहुली असेल तर? पाय गरम पाण्यात धरून मऊ करते, उपसते आणि खाली कापूस भरलेली कापडी मांडी शिवते. मूळ पाय पुडीत बांधून, नाव घालून ठेवते. गौरी गेल्यावर न्यायला या म्हणते. बऱ्याच जणी येत नाहीत. माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात सध्या अकरा पाय आहेत. अकरा कसे, ते मात्र विचारू नका.